खिशातला फ्यूज

माझा धाकटा दीर लिफ्ट दुरुस्त करतो आणि लिफ्टलाच घाबरतो. घरात त्याला सगळे भागूबाई म्हणतात. पालीला घाबरतो, इंजेक्शनला घाबरतो, माझ्या नवऱ्याला तर अजूनही. अशा माणसाने उभा जन्म लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरून पोट भरावं, आता बोला!

उतरण्याआधी त्याचे सोपस्कार असतात. गच्चीवरच्या खोलीत जाऊन लिफ्टचा फ्यूज काढायचा, शर्टाच्या खिशात घालायचा. मग छातीइतका उंच ओंडका खड्ड्यात उभा करायचा, लिफ्ट आलीच तर अडावी म्हणून. बाकीचे मेकॅनिक हसतात, "फ्यूज खिशात, मग ओंडका कशाला?"

"जगात फ्यूज एकच आहे का?" हा विचारतो.

आमच्याच इमारतीची लिफ्ट दार उघडं असतानाही चालायला लागली होती. दाराची वायर खड्ड्यात बिघडली होती. जिन्याखालची लाल दांडी ओढली असती तर सगळीच वीज बंद झाली असती, पण मग दिवे जातात, लोक बोंब मारतात. म्हणून दांडी न ओढता, फ्यूज काढून आणि ओंडका उभा करून भावजी तळमजल्याच्या दारातून खाली उतरला.

"वहिनी, इथून हलू नका हं."

"मी काय राखणीचं कुत्रं आहे?" म्हटलं, पण थांबले. खड्ड्यातून ग्रीसचा आणि ओलीचा वास येत होता.

तेवढ्यात समोरचे लिफ्टचे दोर हलले.

मला आधी कळलंच नाही. त्याला कळलं. "वहिनी!" एवढंच म्हणून तो खाली बसला. लिफ्टचा काळा तळ उजेड गिळत खाली आला. धप्पकन ती ओंडक्यावर टेकली. वर मोटर घुरघुरत होती, खाली लाकूड कुरकुरत होतं.

"वहिनी, लाल दांडी ओढा!"

मी फिजिक्स घेऊन पदवी मिळवली, तरी घरातलं बटणसुद्धा कोरड्या रुमालाने दाबते.

"भावजी, मला भीती वाटते हो!"

"मलाही. ओढा."

जिन्याखाली गेले, दोन्ही हातांनी ओढली. घुरघुर थांबली, दिवे गेले. लिफ्टखालच्या फटीतून आधी त्याचे हात आले, मग डोकं. बाहेर येऊन तो भिंतीशी ओकला.

सेक्रेटरी धापा टाकत जिना उतरले. "फ्यूज कुठे दिसेना, म्हणून माझ्याकडचा बसवला. वीज येताच लिफ्ट आपोआप खाली जाते, हे ध्यानातच आलं नाही. आईचे गुडघे दुखतात, वर किती वेळ उभी राहणार?"

मी काय बोलले ते छापण्यासारखं नाही. भावजीने खिशातला फ्यूज काढून त्यांच्यासमोर धरला.

"आज राहू द्या," मी म्हटलं.

"दार उघडं असताना चालते ती. उद्या कुणीतरी आत पाय टाकेल."

वर जाऊन त्याने मोटरचं चाक हाताने फिरवून लिफ्ट चढवली. तडकलेला ओंडका काढून दुसरा लावला. सेक्रेटरींना पायरीवर, नजरेसमोर बसवलं. मला ओढलेल्या दांडीपाशी राखणीला उभं केलं. टॉर्च तोंडात धरून एक पाय खाली सोडला, वर घेतला, पुन्हा सोडला.

खालून थोड्या थोड्या वेळाने आवाज येई, "वहिनी, आहात ना?"

"आहे," मी सांगे. दांडीवरचा हात मी काढला नाही, आणि माझे दात वाजत होते ते त्याला ऐकू गेले असतील तर जावोत.