राखेच्या विटांचं घर

दाजींचा फोन आला तेव्हा मी धारूरच्या बाजारात मेथीच्या जुडीवरून घासाघीस करत होतो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. एरवीही त्यांना बोलायचं म्हटलं की घाम फुटतो.  एवढंच म्हणाले, "तुझी अक्का गेली रे... ये." जुडी तिथंच टाकली आणि मिळेल ती परळीची गाडी धरली. गाडीत शेजारच्या माणसानं विचारलं, कुणाकडं निघालात, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बहिणीकडं, नवीन घर बांधलंय तिनं." 

दाजी परळीच्या थर्मलमध्ये, म्हणजे कोळशाच्या वीजकेंद्रात, नोकरीला होते आणि अक्काचा सगळा संसार भाड्याच्या खोल्यांत झाला. भिंतीला खिळा ठोकायचा तर मालकाला विचारा, पाहुणे राहिले तर मालकाचं तोंड वाकडं. त्यात थर्मलच्या चिमण्यांची ती राख. दोरीवरची धुणी वाळेपर्यंत पुन्हा काळी. शेवटी दाजींच्या निवृत्तीच्या तोंडावर जागा झाली आणि घर बांधायला काढलं, तेही राखेच्या विटांचं. अक्का म्हणाली, "जल्मभर माझी धुणी नासवली हिनं. आता म्हणावं, उभी ऱ्हा माझ्या भिंतीत."

बांधकाम सुरू झालं आणि आमची अक्का पार बदलून गेली. सलीम मिस्त्रीच्या मागं मागं फिरून तिनं जोतं, लिंटल, सज्जा, सेंट्रिंग, ओळंबा असे सगळे शब्द गोळा केले आणि ते माणसांना लावायला लागली. दाजींकडं बघून म्हणायची, "हे म्हंजे नुसता सज्जा. भिंतीच्या भाईर आलेत, उन्हापुरते कामाचे." दाजी हसायचे. फोनवर मी जरा गोड बोललो की लगेच ऐकवायची, "लई गिलावा करू नको, आतली वीट दाव." स्लॅब पडला त्या दिवशी रीतीप्रमाणं सगळ्या मजुरांना जेवण होतं. सुनेला, वर्षाला, हाताशी घेऊन तिनं स्वतः पंगत वाढली. तेव्हाच वाढता वाढता ती एकदा पोटावर हात धरून खाली बसली होती.

लातूरच्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं... गाठ फार पुढं गेली होती. दाजींनी तिथल्या तिथं ठरवलं, हिला कळू द्यायचं नाही. पित्त म्हणायचं. आपल्याकडं घरोघर असंच करतात. माणूस मरणाला टेकतो आणि आपण त्याला पित्ताची गोळी देतो. ज्या माणसाला साधी थाप मारता येत नव्हती, ते दाजी रोज तिच्यासमोर हसून म्हणायचे, "पित्तच हाय. घर झालं की पथ्य पाळू." मला त्यांच्याकडं बघवायचं नाही.

पुढं स्वयंपाकघराचं काम निघालं तेव्हा मी परळीत होतो. दाजी फरशी बघायला गेलेले. ओट्यावर कडप्प्याची काळी लादी बसली होती आणि मी बघतो तर ओटा चांगलाच उंच. अक्का चणीनं एवढीशी! मी मिस्त्रीवर तडकलोच. "उंच कावून केला? तिचा हात तर पुराय पायजे!" सलीम मिस्त्रीनं थापी खाली ठेवली आणि हळूच म्हणाला, "अक्कानंच सांगितलं, भाऊ. सुनबाईला हितं उभं करून माप दिलं."

अक्का पुढच्या खोलीत खुर्चीवर बसली होती. मी विचारलं तर म्हणाली, "वर्षा उंच हाय. रोज वाकून वाकून तिची कंबर जाईल. मी किती दिस सैपाक करणार हाय?"

"कायबी बोलतीस. पित्त तर हाय..."

"गिलावा नको करू," ती म्हणाली, या वेळी न हसता. "आत काय हाय ते मला ठावं हाय. फकस्त ह्यांना कळू देऊ नको, मला कळलंय म्हणून. लई जिवावर येऊन खोटं बोलायलेत रे ते माझ्यासाठी. बोलू दे."

मी हो म्हटलं आणि गच्चीवर जाऊन ढसाढसा रडलो.

त्यानंतर अक्का फार दिवस राहिली नाही. पण वास्तुशांत तिच्या डोळ्यांदेखत झाली आणि दूध उतू घालवायचा मान तिनं वर्षाला दिला. शेवटपर्यंत दाजी पित्त म्हणत राहिले आणि ती मान डोलवत राहिली.

मागच्या आठवड्यात परळीला गेलो. वर्षा बाहेर गेली होती, म्हणून दाजींनीच चहा टाकला. कपात ओतता ओतता म्हणाले, "एक बरं झालं बघ. तिला शेवटपर्यंत कळलं न्हाई." मी कप हातात घेतला. मग ते ओट्यावरून हात फिरवत राहिले, कडेपासून कडेपर्यंत. "एवढा ओटा मातर चुकला. तिच्या मानानं लई उंच झाला. मिस्त्रीला बोललो तर म्हणतो, माझंच माप चुकलं, दाजी."

"त्याचंच चुकलं," मी म्हणालो.