तिथे अवकाश आहे का?

आतोबांचा फोन आला तेव्हा मी म्हैसूरजवळ बेळगोळच्या ऑफिसात परदेशी विद्यापीठांच्या वेबसाइट चाळत बसले होते. "आत्या गेली गं," एवढंच ते म्हणाले. मी विचारलं, "कुठे?"... हे लिहितानाही कानशिलं तापतात. दवाखान्यातलं माणूस कुठे जाणार?

आत्याचा जन्म म्हैसूरचा, सगळं आयुष्यही तिथलंच. आमचं घराणं मूळचं रंगाऱ्यांचं, कैक पिढ्यांमागे इथे आलेलं. बाबा नोकरीसाठी पुण्याला गेले आणि मी तिथेच वाढले. नोकरी लागून इथे आले तेव्हा आत्याचं निम्मं कानडी झालेलं मराठी ऐकून मला हसू आवरायचं नाही. तीही काही कमी नव्हती. "तुझं मराठी रेडिओवरचं. बातम्या संपल्या असतील तर ऊट करू या," म्हणायची आणि ताट पुढे सरकवायची.

रविवारी मी जयलक्ष्मीपुरमला तिच्याकडे जेवायला जात असे. फायनान्समध्ये मास्टर्स करायला परदेशी जायचं ठरलं आणि तिच्या जेवणाच्या टेबलावर माझा लॅपटॉप येऊन बसला. मी एकेक विद्यापीठ सांगायचं आणि तिने उलटतपासणी घ्यायची. शाळेत बाई होती, सवय जाईना. मी रँकिंग सांगे, शहर किती देखणं आहे ते सांगे. तिचा प्रश्न ठरलेला. "सुम्ने, उगीच नावं सांगू नको. तिथे अवकाश आहे का, ते सांग." मला वाटायचं, पोरीला जरा उसंत मिळेल का, एवढंच ती विचारतेय. "छे गं आत्या, तिथे कुठला आलाय अवकाश!" मी म्हणायची. "अय्यो! मग जातेस कशाला?" ती खरोखर हवालदिल व्हायची. मी राहायचे त्या हॉस्टेलवर तिची नक्कल करून दाखवायचे आणि हशा पिकायचा.

मग तिला हृदयविकाराचा झटका आला, अतिदक्षता विभागात ठेवलं. एका दुपारी आतोबांच्या फोनवरून तिचाच आवाज आला, बारीक, पण थाट तोच. "भेटायला ये गं. अवकाश आहे." मला ऐकू आलं ते असं, की घाई नाही, अजून वेळ आहे. अर्जासोबतचा निबंध अर्धवट पडला होता. "शनिवारी नक्की येते, आत्या," मी म्हटलं. "बरं," ती म्हणाली. शनिवार तिने पाहिलाच नाही.

घरी तिला खाली ठेवलं होतं. दारापाशी घुटमळत होते तशी शेजारच्या बाईंनी मला पुढे केलं. "नोडम्मा, इदे कोने अवकाश." मला कळेना. आतोबा म्हणाले, "शेवटची संधी आहे, बघून घे म्हणतायत."

"अवकाश म्हणजे संधी?" समोर आत्या निजलेली आणि मी शब्दाचा अर्थ विचारत होते.

"कानडीत तसंच. आमच्या घरात पण तसंच गं. त्या दिवशी डॉक्टरांनी आत सोडतो म्हटलं होतं. म्हणून तर तिने तुला फोन लावला."

मला आधी रडू आलं नाही, लाज आली. तिच्या पायांवर डोकं ठेवलं ते तोंड लपवायला. आणि तिथेच दुसरी गोष्ट उमगली. शिकून झाल्यावर परक्या देशात नोकरीची संधी देतील का, हे ती दर रविवारी विचारत होती. परदेशी जाणाऱ्या पोरीने सगळ्यात आधी विचारायचा तोच प्रश्न, आणि मी दर वेळी हसून नाही म्हणाले होते. माझं पुढे काही होणार नाही, हीच काळजी घेऊन ती गेली.

परवाच्या रविवारी त्याच टेबलाशी बसून मी पुन्हा निवड केली. नुसती देखणी नावं काढून टाकली. शिकल्यावर काम करू देणाऱ्या जागा ठेवल्या. आतोबांनी ताट पुढे सरकवलं आणि दबकत विचारलं, "तिथे अवकाश आहे ना गं?"

"आहे," मी म्हटलं. तिच्या खुर्चीकडे मात्र बघवलं नाही.