टाकीतला पहिला पेला

माझे सासरे इमारतींच्या पाण्याच्या टाक्या धुतात. टाकी घासून, खळबळून झाली आणि नळ सोडून तळाशी थोडं पाणी साठलं, की ते पिशवीतून स्टीलचा पेला काढतात, त्या पाण्यात बुडवतात आणि लोकांसमोर घटाघटा पिऊन टाकतात. "आधी मी, मग तुम्ही," म्हणतात. लोक खूश. टाकीत वाकून कोण बघतंय!

या घरात आल्यापासून माझ्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. बघायला कोणी नसलं, तर हा माणूस तो पेला पीत असेल का? नवऱ्याला विचारलं तर म्हणाला, "तुला नसते उद्योग." सासूबाई म्हणाल्या, "मी काय टाकीत जाऊन बसते?" थोडक्यात, माहीत कुणालाच नव्हतं. माझं मत मात्र ठरलेलं. खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, ही जगाचीच रीत, मग सासरेच तेवढे आभाळातून पडलेत का?

त्यातच त्यांचा उजवा खांदा धरला. हात डोक्याच्या वर जाईना. नवरा उठता बसता म्हणायचा, "बाबा, आता बास करा." एकदा जेवताना ते वैतागले. "ज्या दिवशी एकट्यानं टाकी पुरी होणार नाही, त्या दिवशी ब्रश खाली ठेवीन. कुणी सांगायला नको." म्हणजे परीक्षा देणार तेच आणि पेपर तपासणारही तेच! मला हसूच आलं.

मग एका सुट्टीच्या दिवशी ते एका कचेरीची टाकी धुवायला गेले आणि डबा घरीच विसरले. मी तो घेऊन गेले. इमारत बंद, खाली एकच पहारेकरी, तोही पेंगत होता. मी गच्चीपर्यंत चढले आणि दाराआड थांबले. अशी संधी पुन्हा थोडीच येणार होती?

सासरे टाकीच्या काठावर खांदा चोळत बसले होते. तळाशी पाणी पडल्याचा आवाज येत होता, म्हणजे काम झालं होतं. त्यांनी शिडीनं आत उतरून पेला भरला, वर येऊन काठावर बसले, तो तोंडाशी नेला आणि त्यात नुसतं बघत राहिले. मग पाणी गच्चीवर ओतून दिलं.

खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. सापडले! पण ते उठले, नळ बंद केला, तळाचं बूच काढून सगळं पाणी सोडून दिलं आणि ब्रश घेऊन पुन्हा शिडीनं आत उतरले.

मी जाऊन डोकावले. आत ते डाव्या हातात ब्रश धरून, टाचा उंचावून वरच्या कोपऱ्याशी झगडत होते. तिथं पाइपामागे तळहाताएवढं शेवाळ राहिलं होतं. हात काही केल्या पोचत नव्हता.

"बाबा, राहू द्या ना. कुणाला दिसणार आहे ते?"

"मला पेला प्यायचाय ना!" ते चिडूनच म्हणाले. मग जरा वेळानं ब्रश वर, माझ्याकडे धरला. "नाही होत गं माझ्याच्यानं. संपलं आज."

मी ओढणी कमरेला खोचली आणि उतरले. ते वर जाऊन बसले. शेवाळ निघालं, पण पाइपामागे अगदी आत बोटांना अजून बुळबुळीत लागत होतं. दिसत मात्र काहीच नव्हतं. "झालं!" मी ओरडले.

तळाचं बूच लावून मी वर आले आणि पुन्हा नळ सोडला. पाणी साठल्यावर त्यांनी आत उतरून पेला भरून आणला आणि माझ्यापुढे धरला. "शेवटचा हात तुझा, सूनबाई. मग पहिला पेलाही तुझाच."

पाणी अगदी नितळ होतं. मी पेला ओठांना लावला. सासरे माझ्याकडे बघतही नव्हते, डब्याचं झाकण काढत होते.

मी पाणी ओतून दिलं.

"बाबा," मी म्हणाले, "जरा शिडी धरा."