कॅरलच्या नवऱ्याची पुस्तकं

विमानतळावर बॅगेचं वजन जास्त भरलं तेव्हा बाबांनी तिथेच फरशीवर बसून बॅग उघडली आणि आईने बांधून दिलेली लोणच्याची बरणी, मेतकूट, भाजणी असं सगळं बाहेर काढलं. पुस्तकांना हात लावला नाही. आई बघतच राहिली. "अहो, तिकडे काय खाईल पोरगी?" बाबा म्हणाले, "खायला कुठेही मिळतं. वाचायची सवय गेली तर ती परत मिळत नाही." रांगेतल्या लोकांनी माना वळवून पाहिलं. मला बाबांचा इतका अभिमान वाटला, की आईच्या हातात राहिलेली ती बरणी मी नीट पाहिलीसुद्धा नाही.

२००१ सालचा उन्हाळा होता तो. बाबा अकोल्याला कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे आणि दर हिवाळ्यात व्याख्यानमालेत बोलायचे. विषय नेहमी धर्माचाच. "दुसऱ्याचा देव समजल्याशिवाय आपला कळत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, आणि त्यावर टाळ्याही ठरलेल्या. मी पहिल्या रांगेत बसून त्या टाळ्या ऐकत मोठी झाले.

माझ्या नवऱ्याची, मिलिंदची नोकरी अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीजवळच्या एका उपनगरात होती. माझ्या व्हिसावर काम करायला परवानगी नव्हती. घर, भिंतीसारखे उभे डोंगर आणि रिकामी दुपार. सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कचे टॉवर पडले, त्यानंतर ग्रोसरीच्या दुकानात लोक माझ्याकडे जरा जास्त वेळ बघायला लागले. मिलिंद म्हणायचा, "यार, एकटी बाहेर पडू नकोस काही दिवस." त्या दिवसांत शेजारची कॅरल घरी केलेला गरम ब्रेड घेऊन दारात आली. साठीची, विधवा, मॉर्मन या तिकडच्या ख्रिस्ती पंथातली. म्हणाली, "तू घाबरली असशील, असं वाटलं." मी चहा टाकायला उठले, तर ती हसली. त्यांच्यात चहा-कॉफी चालत नाही. मग वेलची घालून दूध दिलं. तिला ते इतकं आवडलं, की पुढची तीन-चार वर्षं ती त्या दुधासाठी येत राहिली.

कॅरलचा नवरा त्यांच्या चर्चमध्ये रविवारचे वर्ग घ्यायचा. त्याची पुस्तकं तळघरात पडून होती, वर्षभर पुरेल अशा धान्याच्या डब्यांशेजारी. एकदा तिने मला त्यांच्या पणजीच्या पिढीतल्या एका बाईची छापलेली रोजनिशी वाचायला दिली. गाव सोडून, हातगाडी ओढत, माळरान तुडवत आलेली बाई. वाटेत तिचं मूल गेलं आणि जमीन इतकी गोठलेली होती, की खड्डाही नीट खणता आला नाही. ते वाचून मी दुपारभर रडले. त्यांच्या धर्मातलं तेव्हा मला काहीच कळत नव्हतं. घर सुटलेली बाई मात्र कळली.

तिथून सुरुवात झाली. एक पुस्तक परत केलं की कॅरल दुसरं द्यायची, आणि मग म्हणायला लागली, "ठेव तुझ्याकडेच, तळघरात कुजण्यापेक्षा बरं." धर्मग्रंथांवरची भाष्यं, इतिहास, भजनांची पुस्तकं, बायकांच्या मंडळाची पाककृतींची पुस्तकं. त्यांच्या शेजारी मी माझी लावत गेले. पब्लिक लायब्ररीच्या सेलमधून आणलेली ज्यूंची प्रार्थनापुस्तकं, कॅथलिक नन्सची आत्मचरित्रं, इस्लामवरची, जैनांवरची, आणि बाबांनी बॅगेत ठेवलेली आपली. दिवाणखान्याची एक भिंत भरली. मिलिंद पार्टीला आलेल्या मित्रांना सांगायचा, "हिची रिलिजस शॉपिंग चालू आहे." मी पण हसायचे. मनात होतं, एक दिवस बाबा येतील आणि या भिंतीसमोर खुर्ची ओढून बसतील. सगळं त्यांच्यासाठीच तर चाललं होतं.

मग एका दुपारी कॅरलने दुधाचा कप खाली ठेवला. "इतकं सगळं वाचलंस. त्याबद्दल प्रार्थना केलीस का कधी?"

मी खरं ते सांगितलं. "नाही केली. मला समजून घ्यायचं होतं, म्हणून वाचलं."

"चार वर्षं नुसतं समजूनच घेतेयस?"

"हो."

ती चिडली नाही. थोडा वेळ भिंतीकडे बघत बसली, मग माझ्या हातावर हात ठेवून निघून गेली. पुढच्या शनिवारी तिचा मुलगा पिकअप घेऊन आला. फार सभ्य माणूस. "डॅडची पुस्तकं कुटुंबातच राहावीत, असं मॉमला वाटतं," म्हणाला. मीच खोकी भरून दिली. काय बोलणार? तिचीच होती ती. पण मी स्वतःला तिची मैत्रीण समजत होते. तिच्या लेखी मी तिच्या धर्माकडे अर्ध्या वाटेवर आलेलं माणूस होते आणि आता पुढे येत नव्हते, एवढंच.

खरी कडू गोष्ट पुढेच आहे. काही महिन्यांनी गावातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात गेले, तर तिथल्या रॅकवर ती हातगाडीवालीची रोजनिशी. आत कॅरलच्या नवऱ्याचं नाव, त्याच्याच अक्षरात. खालच्या रॅकवर बाकीची बरीचशी. कुटुंबाकडे ठेवायला जागा नव्हती, असं दुकानदार म्हणाला. कॅरलला हे माहीत होतं की नाही, मला आजही ठाऊक नाही. मी कधी विचारलं नाही. मिळतील तेवढी विकत घेऊन आले आणि त्याच भिंतीवर पुन्हा लावली. आता ती माझी होती.

२००६ च्या वसंतात आई-बाबा आले. बाबांनी भिंत पाहिली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "बरंच जमवलंस की." मी वाट बघत राहिले, त्यांनी पुढे काही विचारावं म्हणून. तेवढ्यात तिथल्या मराठी मंडळींचा गुढीपाडव्याचा कार्यक्रम आला. जेवणाच्या रांगेत एका काकांनी बाबांना बाजूला घेतलं. "मुलीकडे लक्ष द्या. हे लोक गोड बोलून ओढतात. तुमच्या मुलीच्या घरी त्यांचीच पुस्तकं आहेत, सगळ्यांना माहीत आहे."

 घरी आल्यावर बाबा सरळ भिंतीसमोर जाऊन उभे राहिले, पाठमोरे.

"हे कशाला, सुमे?"

"बाबा, तुम्हीच म्हणायचात ना, दुसऱ्याचा देव समजल्याशिवाय..."

"म्हणायचो. व्याख्यानात म्हणायचो. घरात आणून ठेव, असं नाही म्हटलं."

"मी धर्म बदललेला नाही."

"ते मला माहीत आहे गं. लोकांना कोण सांगणार?"

आईने मला स्वयंपाकघरात ओढलं. "त्यांना लोकांची फार भीती वाटते," ती हळूच म्हणाली, "आधीपासूनच. तुला वाटायचं, ते कोणाला घाबरत नाहीत." तीस वर्षं संसार केलेली बाई हे असं सांगत होती, जसं कोणी भाजीत मीठ कमी आहे म्हणून सांगावं. मला वाटतं, मी घर सोडलं ते त्या क्षणी. त्याआधी विमानाने आले होते ते काही खरं नव्हतं.

बाबा उरलेले दिवस त्या खोलीत माझ्यासमोर फिरकले नाहीत. टीव्ही वरच्या खोलीत हलवला.

पुढच्या हिवाळ्यात धाकट्या भावाचा, शेखरचा फोन आला. खूश होता. "ताई, बाबांचं व्याख्यान काय झालं! हॉल फुल. विषय माहितेय का? अमेरिकेतले मॉर्मन." बाबांनी हातगाडीवाल्या बाईची गोष्ट सांगितली, मूल गोठलेल्या जमिनीत पुरल्याची. लोक हळहळले. चहा न पिणाऱ्या, वेलचीच्या दुधाला भुललेल्या शेजारणीचा, मीच कधीतरी फोनवर सांगितलेला किस्सा सांगितला, तेव्हा हॉल हसला. "माझ्या अमेरिकेतल्या अभ्यासात" असं ते दोनदा म्हणाले, हे शेखरने कौतुकाने सांगितलं.

आईला विचारलं, तेव्हा कळलं. मी दुपारी लायब्ररीत व्हॉलंटियर म्हणून जायचे, तेव्हा बाबा खाली येऊन वाचत बसायचे. रोज. माझ्या गाडीचा आवाज आला की पुस्तक जागेवर ठेवून वर जायचे.

"माझं नाव घेतलं का त्यांनी?" मी विचारलं.

"तुझं नाव कसं घेतील?" आई म्हणाली.

तुम्ही जे मागे राहिलात, तुम्हाला वाटतं, आम्ही इकडे येऊन बदललो. जे माझ्यासारखे निघून आलात, तुम्हालाही फोनवर हेच ऐकावं लागत असेल. पण बाबांनी शिकवलेलंच मी केलं, नेमकं तेच, म्हणून परकी झाले. हे कोणाला सांगू?

या वर्षी मिलिंदची कंपनी तिथलं ऑफिस आवरायला लागली आणि त्याला न्यूयॉर्कजवळच्या जर्सी सिटीला बदली घ्यावी लागली. "एवढी पुस्तकं नेणार? तिथलं भाडं बघ जरा," तो म्हणाला. मी सोफा विकला, डायनिंग टेबल विकलं. ट्रक निघाला तेव्हा कॅरल तिच्या खिडकीत उभी होती. मी हात केला. तिनेही केला. दोघींपैकी कोणीच दार उघडून बाहेर आलं नाही.

आता आम्ही एका उंच इमारतीत राहतो. खाली ट्रेन, तिच्यातून मिलिंद मॅनहॅटनला जातो. बेडरूममध्ये पलंग आणि पुस्तकं, मध्ये चालायला एक पट्टी. इथे कोणी विचारत नाही, कारण इथे कोणी येतच नाही. मला पहिल्यांदा वाटतंय, की ही लायब्ररी झाली. कोणासाठी म्हणून नाही. मी वाचते, टिपणं काढते, आणि संध्याकाळी भात लावते.

मागच्या रविवारी बाबांचा फोन आला. आवाज नरम. या हिवाळ्यात ज्यू धर्मावर बोलायचं ठरलंय, तुझ्याकडे काही आहे ना, पाठवतेस का?

"नाही पाठवत," मी म्हटलं. "इथे या आणि माझ्यासमोर बसून वाचा."

 ते म्हणाले, "बघू. जमलं तर येईन."

"या ना," मी म्हटलं, "घर तुमचंच आहे."

फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की हे वाक्य आपण फक्त पाहुण्यांना म्हणतो.