मेंढपाळाची काठी

कोयनेचं धरण बांधून होत आलं होतं, त्या वर्षांत एक म्हातारा मेंढपाळ दर दिवाळीनंतर जत भागातून आमच्या कराडच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवायला यायचा. "यंदा तुमच्याकडं पाऊस बरा झाला म्हणे?" असं विचारलं की म्हणायचा, "पाऊस पाव्हणा हाय. मुलूक कोरडाच हाय." मला ते रडगाणं वाटायचं.

एका वर्षी तिकडं धो धो पाऊस झाला आणि म्हातारा एकटाच आला.

"मेंढरं कुठायत?"

"पोरानं इकली. आता शेतीच करणार म्हनं. लय खुशीत हाय." जरा थांबून म्हणाला, "आवंदा."

निघताना त्यानं हातातली काठी आमच्या दाराशी टेकवली. "पोरगं येईल कवातरी, मेंढरं घिऊन. मी नसंन. तवा द्या त्येला."

बांधावर पोचल्यावर त्यानं सवयीनं मेंढरांना हाळी दिली.