न धुतलेलं टिपाड

येळवस तोंडावर आली आणि नागुबाईनं करपलेल्या हरभऱ्यात कोपी घालायला घेतली, तेव्हा भावकीला वाटलं, बाईचं डोकं फिरलं.

लातूरकडं या वेळा अमावास्येला गावंच्या गावं रानात जेवायला जातात. उभ्या पिकात कडब्याची कोपी करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची आणि बांधावरून जाईल त्याला हाक मारून जेवू घालायचं. हाक आली की नाही म्हणायचं नसतं, मग दोघांत कितीही वितुष्ट असो. पण ही पूजा हिरव्या पिकाची, आणि नागुबाईच्या रानात हिरवं पान उरलं नव्हतं. फुलात आलेला हरभरा वाळून काडी झाला होता.

ही करणी तिच्या पुतण्याची, सुदर्शनची. त्यानं आपल्या बांधावर तणनाशक मारलं. उरलेलं प्लास्टिकच्या निळ्या टिपाडाच्या तळाशी तसंच राहू दिलं. दुसऱ्या दिवशी त्याच टिपाडात पाणी ओतून अळीचं औषध कालवलं, पंप भरभरून काकूच्या रानावर फवारलं, आणि वर घरी येऊन चहाही पिऊन गेला. आठवड्यात रान पिवळं पडलं.

नागुबाईला पीक जायचं नवीन नव्हतं. नवरा निवृत्ती वीज पडून गेला, तेव्हा ती रडली आणि दिवस झाल्यावर कुळव धरून उभी राहिली. एका साली गारपिटीनं कणसात आलेली ज्वारी झोपवली. शेजारचे लोक आभाळाला शिव्या देत बसले. हिनं सकाळीच आडवी पडलेली धाटं गोळा करून गुरांपुढं टाकली. कुणी विचारलंच, तर म्हणाली, "आभाळाला कुठं दार हाय, जाऊन भांडायला?" जे आपल्या हातचं नाही त्याच्यावर जीव जाळायचा नाही, हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. सुपात धान्य पाखडावं तसं तिनं आयुष्यभर हातचं आणि हाताबाहेरचं वेगळं केलं होतं.

म्हणूनच यावेळी तिचा जळफळाट होत होता. जो तो येऊन तिच्या सुपातलं पुन्हा कालवून जात होता. कुणी म्हणे औषधच बोगस निघालं. कुणी म्हणे धुई पडली, धुक्यानं रान गेलं. दीर दगडोबा, सुदर्शनचा बाप, तर ओट्यावर बसून रोज एकच रडगाणं लावी.

"वहिनी, नशिबाम्होरं कुणाचं चालतंय? तुम्ही तर लई सोसलेल्या. हे बी सोसा."

"भाऊजी, वीज पडली ते नशीब. टिपाड धुवायचं न्हाई, हे बी नशीबच का?"

दगडोबा पागोटं सावरत उठून जाई. लोकांना वाटे, बाई पिकासाठी जळते. पीक गेलं ते गेलं, त्याला ती केव्हाच हात जोडून मोकळी झाली होती. तिला एवढंच हवं होतं की ज्यानं केलं त्यानं तोंडानं म्हणावं. तो तर तिला पाहून गल्ली बदलत होता. उद्या याच पोराच्या हाती रान द्यायचं होतं, दुसरं कोण होतं तिला? आणि जो आपली चूक नशिबाच्या अंगावर टाकतो, त्याच्या हाती रान द्यायचं कसं? सोशीक म्हणून जिला गाव नावाजत होतं, तिच्या सोसण्याची गावानं अशी पायपुसणी केली होती. याची तिला चीड येत होती, आणि का येऊ नये?

येळवशीच्या दिवशी जाऊ केवळाबाई, सुदर्शनची आई, हिरवे हरभरे घेऊन आली. "नागुबाई, आमच्या कोपीत या. जळक्या रानात कुणी पुजा करत असतं का?"

"रान माझं हाय. हिरवं असलं तरच माझं, असं न्हाई." पण हरभरे तिनं ठेवून घेतले. येळवशीच्या भज्जीत, त्या मिसळीच्या भाजीत, ते लागणारच होते.

पूजा झाली. आंबील झाली. दगडोबा, केवळाबाई, आणखी चारदोन माणसं लाजेकाजेनं येऊन बसली. इतक्यात पलीकडच्या बांधावरून खाली मान घालून सुदर्शन निघालेला दिसला. नागुबाई उठून कोपीबाहेर आली आणि तिनं शिवारभर ऐकू जाईल अशी हाक मारली.

"सुदर्शन! जेवायला ये."

तो थबकला. आसपासच्या रानांतली माणसं बघू लागली. येळवशीची हाक, जाणार कुठं? आला, चप्पल काढून बसला. तिनं पत्रावळीवर भज्जी वाढली, बाजरीचे उंडे वाढले, आंबिलीचा पेला भरून दिला. राग होता, तरी वाढण्यात कसूर नव्हती. सुदर्शन घास हातात घेऊन नुसता बसून राहिला.

दगडोबानं पोराला सावरून घेतलं. "जेव रे बाबा. नशिबात नव्हतं, काय करतूस."

नागुबाई सुदर्शनकडं बघत राहिली.

सुदर्शननं घास खाली ठेवून बापाकडं पाहिलं. "नशीब न्हाई, दादा. टिपाड मी धुतलं न्हाई. कंटाळा केला. फवारताना वास बी आला, तरी फवारत राहिलो." मग काकूकडं वळून म्हणाला, "पान पिवळं पडलं त्या दिशीच मला कळलं व्हतं."

केवळाबाईनं पदर तोंडाला लावला. नागुबाईला वाटलं होतं, हे ऐकलं की छातीवरचं ओझं उतरेल. तसं काही झालं नाही. राग होता तिथंच होता. पण आता तो कुणावर आणि कशासाठी, हे सगळ्यांना दिसत होतं, आणि तेवढं तिला पुरेसं होतं.

"जेव आता," ती म्हणाली. "उद्या टिपाड घेऊन ये. हिरीवर."

दुसऱ्या दिवशी तो आला. पदर खोचून नागुबाई शेंदत होती आणि तो टिपाडात शिरून घासत होता. त्यानं पाणी ओतून दिलं, टिपाड उन्हात धरून आत पाहिलं, वास घेतला आणि काकूकडं बघितलं.

तिनं पुन्हा भरलेली बादली त्याच्यापुढं ठेवली. "आणखी एकदा," ती म्हणाली. "उन्हाळी तीळ तूच फवारणार हायेस."