चाचांना काम पाहिजे

दस्तगीरचाचांच्या पाया पडायची सोय नव्हती. कोणी वाकलं की तेही वाकत आणि विचारत, "काय पडलंय रं? घावलं तर निम्मं माझं." एसटीत एखाद्या कॉलेजच्या पोरानं उठून जागा दिली, तर त्यालाच खांद्याला धरून खाली बसवत. "बस गड्या. मोबाईल बघून बघून दमला असशील."

आष्ट्याजवळच्या आमच्या गावात त्यांचं शिलाईचं दुकान होतं. सत्तरी उलटलेली, कान मंद, जीभ मात्र कात्रीपेक्षा धारदार. जत्रेच्या नाटकात ते तरुणपणापासून कामं करायचे. मग तरुण मंडळानं त्यांना एकाएकी 'ज्येष्ठ मार्गदर्शक' करून टाकलं. म्हणजे पहिल्या रांगेत खुर्ची, शाल, नारळ आणि स्टेजवर बंदी. "मार्गदर्शक कुणाला म्हणत्यात, ठावं हाय का मास्तर?" ते मला म्हणाले. "ज्याला कुणी वाट इचारत न्हाई, त्याला."

मी शाळेत मास्तर आणि नाटकात प्रॉम्प्टर, त्यामुळे पुढचा सगळा तमाशा मी जवळून पाहिला.

त्या वर्षीच्या नाटकात एक म्हातारा बाप होता. मंडळानं ते काम दिलं विशीतल्या ओंकारला. खऱ्या म्हाताऱ्याला पाठांतर झेपणार नाही, असं मंडळाचं मत. चाचा तालमीला येऊन बसले. ओंकार कमरेत वाकला, खोकला, हात थरथरवत चालू लागला.

"ह्येला काय झालंय?" चाचांनी विचारलं.

"म्हातारा हाय चाचा त्यो," मंडळाचा अध्यक्ष म्हणाला.

"मग मी कोण हाय? मला कवा अशी हुडहुडी भरल्याली बघितलीस? असा चालला तर ह्यो दुसऱ्या अंकापतूर जगायचा न्हाई."

सगळे खो खो हसले. हसणं ओसरल्यावर चाचा हळू आवाजात म्हणाले, "मला ह्ये काम पायजे. शाल नको, काम द्या." त्यांना कधी काही मागताना मी पाहिलं नव्हतं. मला कसंतरीच झालं. अध्यक्ष चुळबुळत राहिला. शेवटी ओंकारच म्हणाला, "द्या की त्यास्नी. पोराचं काम अजून कुणाला दिलं न्हाई, ते मी करतो."

प्रयोगात चाचांनी पहिल्या अंकात मांडव डोक्यावर घेतला. दुसऱ्यात बापाचं मोठं भाषण आलं आणि चाचा कोरे. मी विंगेतून वाक्य सांगितलं. मग ओरडून सांगितलं. मागच्या रांगेतल्या एका आजीनं तेच वाक्य तिथून चाचांना ओरडून कळवलं. सगळ्या गावाला ऐकू गेलं, चाचा सोडून.

ओंकारला ते भाषण आधीपासून पाठ होतं. तो पुढं होऊन चाचांच्या कानाशी उभा राहिला. "आबा, तुमी कायम काय म्हणता, सांगू का?" असं म्हणून त्यानं सगळं भाषण स्वतःच म्हणून टाकलं. चाचांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. "व्हय, म्हणतो मी," ते म्हणाले. "पर एवढं लांबड लावत न्हाई." लोक हसून हसून लोळले.

पडदा पडल्यावर जो तो चाचांना भेटायला. काय काम केलं, ह्या वयात! विसरल्याचं कोणी बोलेना. सगळे खोटं बोलत होते, मी त्यात पुढे. चाचांचा चेहरा उतरत चालला. तेवढ्यात ओंकार तणतणत आला.

"चाचा, इसरलासा तुमी! आख्खं भाषण! कानातली मशीन घरात ठिऊन आलासा, माझा जीव जायचा राहिला तिथं. फुडल्या साली काम पायजे आसंल तर उद्यापासनं पाठांतराला बसायचं!"

अध्यक्ष त्याच्यावर खेकसला, "आरं, वय बघ की त्यांचं."

"तू गप," चाचा म्हणाले. "आख्ख्या गावात ह्यो एकटा मला नट समजतोय." मग ओंकारकडं वळले. "आवं ओंकारराव, उद्या कवा येऊ?"

पुढच्या जत्रेत तेच नाटक परत करायचं ठरलं. रोज संध्याकाळी दुकानातून ओंकारचा आरडाओरडा ऐकू यायचा आणि चाचांचा त्याहून मोठा. जत्रा तोंडावर आली आणि चाचा झोपेतच गेले. मातीला सगळं गाव लोटलं. परतताना जो तो चाचांचे किस्से सांगत होता. ओंकार मात्र रडायच्या ऐवजी चिडला होता. माझा हात धरून तो पुन्हा पुन्हा एकच सांगत होता, "पाठ झालं हुतं हो मास्तर. एक शब्द चुकत नव्हता."